रस्ता कोणाच्या बापाचा?

आईचा फोन आला की ती आधी जेवलास का विचारते. त्या दिवशी विचारलं नाही. म्हणाली, "बाबू, तो रस्ता कोनाचा हाय, ते मुंबईत तरी कोनाले मालूम असन त इचारून पाह्य."

मी मुकुटबनचा. जिल्हा यवतमाळ, तालुका झरी-जामणी. नकाशात वणीवर बोट ठेवा आणि खाली तेलंगणच्या बाजूला सरकवा. वरळीच्या चाळीत, घाटकोपरच्या रमाबाई नगरात, नागपूरच्या इंदोऱ्यात हे पान वाचणाऱ्या दोस्तांनी हे नाव ऐकलेलं असण्याचं काही कारण नाही. आमच्याकडं कोळसा आहे, चुनखडी आहे, कापूस आहे, कोलाम आहेत, गोंड आहेत आणि आपण आहोत. सरकारच्या लक्षातही आम्ही याच क्रमानं येतो.

रस्त्याची भानगड अशी. 2019 च्या पावसाळ्यात माझा मावसभाऊ सेंट्रिंगचं काम उरकून सायकलवर रात्री परत येत होता. गाव कोणतं ते राहू द्या. मोठ्या गावातून जाणारा मोठा रस्ता, मधोमध खड्डा, खड्ड्यात पाणी. पाणी भरलेला खड्डा आणि सपाट डांबर रात्री सारखंच दिसतं. पाय दोन ठिकाणी मोडला. गर्दी जमली. गर्दीतून पहिला प्रश्न आला तो असा : "प्याला होता का?"

हा पोरगा थेंबाला शिवत नाही. त्याचा बाप दारूनं मेला, म्हणून शिवत नाही. पण आपल्या वस्तीतला माणूस रस्त्यावर आडवा दिसला की या देशाला एकच प्रश्न सुचतो. खड्डा प्याला होता का, असं कोणी विचारत नाही.

नंतर आम्ही अर्ज घेऊन फिरलो. कार्यालयांची नावं घेत नाही. टेबलं सगळीकडं सारखीच असतात. एक टेबल म्हणालं, रस्ता राज्याचा, पण हा तुकडा गावाच्या हद्दीत येतो, तिकडं जा. तिकडचं टेबल म्हणालं, देतो देतो म्हणून सांगितलंय, ताबा घेतल्याचा कागद कुठंय? पुढं एका भल्या कारकुनानं चहा पाजला आणि खरं काय ते सांगितलं : "कागद आला तरी काय करता भाऊ, संग पैसा कुठी आला?" अर्ज अजून आहे. पाय वाकडा जुळला, तोही आहे. रस्त्याला बाप मिळाला नाही.

म्हणून मी या रस्त्यांच्या बापाचा शोध घ्यायला लागलो. शोधता शोधता दारूच्या दुकानात पोचलो. कसा, ते सांगतो. हसू नका.

आपल्या देशात रस्त्यांचे पाच प्रकार आहेत. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि शेवटी ग्रामीण मार्ग. ही उतरंड 1943 साली देशभरच्या मुख्य इंजिनियरांनी एकत्र बसून ठरवली. कुठं बसून? नागपुरात. त्या आराखड्याचं नावच नागपूर आराखडा. वर एक, त्याखाली दुसरा, तिसरा, चौथा आणि गावकुसाला लागलेला पाचवा. पंचम! प्रत्येकाच्या मैलाच्या दगडाचं डोकं वेगळ्या रंगानं रंगवायचं, म्हणजे गंध बघून जात ओळखावी तशी रस्त्याची जात लांबून ओळखता येते. राष्ट्रीयाचं पिवळं, राज्याचं हिरवं. त्याच नागपुरात 1956 साली आपण वर्ण टाकून दिला. रस्त्यांनी मात्र अजून ठेवलाय.

मोठ्या जातीचे रस्ते सरकारच्या बांधकाम खात्याच्या घरात, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या दारात, गावातले बोळ ग्रामपंचायतीच्या गळ्यात. पैसा कुठं मुरतो आणि कुठं झिरपतो, ते सांगायला नको.

आता 2016 ला या. 15 डिसेंबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला : राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूची दुकानं नकोत, असलेल्यांना 31 मार्च 2017 पर्यंत मुदत. या लढाईत चंदीगडचा हरमन सिद्धू नावाचा माणूस होता. 1996 च्या एका अपघातापासून तो चाकाच्या खुर्चीत आहे. खुर्चीतल्या माणसानं देशभरच्या बारवाल्यांना उठवून बसवलं.

झोप उडाली ती बारवाल्यांपेक्षा जास्त सरकारांची. दारूच्या करावर ज्यांची तिजोरी तोल सावरते, त्यांना 1 एप्रिल दिसायला लागला. दुकान हलवायचं तर दुकानवाल्याला भुर्दंड, परवाना जायचा तर सरकारला भुर्दंड. मग कोणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं, दुकान कशाला हलवता? रस्ता हलवा!

रस्ता हलवणं म्हणजे डांबर उचलणं नव्हे. कागद हलवणं. निकालात शब्द होते 'राष्ट्रीय' आणि 'राज्य' महामार्ग. रस्त्याच्या कपाळावरचा तो शब्द पुसला की दुकान जागच्या जागी सोवळं होतं. चंदीगडच्या प्रशासनानं शहरातल्या रस्त्यांना प्रमुख जिल्हा मार्ग करून टाकलं. आणि आपला पुरोगामी महाराष्ट्र? 2017 मध्येच, निकालाच्या पाठोपाठ, शहरांतून जाणारे राज्य महामार्ग तिथल्या पालिकांच्या पदरात टाकायला सुरुवात झाली. लातूर, जळगाव आणि माझ्याच जिल्ह्याचं गाव यवतमाळ, ही नावं त्यात पुढं होती.

बघा, कारभार किती चपळ होऊ शकतो! पुलाला कठडा पाहिजे म्हणून आमच्या बाया पाच-पाच उन्हाळे निवेदनं देतात. गतिरोधक पाहिजे तर आधी एक पोर मरावं लागतं. आणि इथं मैलच्या मैल रस्त्यांची जात काही आठवड्यांत बदलली. जात बदलत नाही म्हणतात ना? बदलते. वरची जात सोडून खाली यायचं असेल आणि त्यात कोणाचा तरी गल्ला असेल, तर एका सहीत बदलते.

यवतमाळचीच गंमत घ्या. आमच्या पूर्वेला वर्धा नदीपलीकडं चंद्रपूर जिल्हा. तिथं 1 एप्रिल 2015 ला दारूबंदी झाली. गडचिरोलीत 1993 पासून आहे. वर्धा जिल्हा तर गांधींच्या नावानं त्याच्याही आधीपासून कोरडा. मधे आम्ही ओले. चंद्रपूरला बंदी असताना वणीकडून नदी ओलांडून काय काय जायचं, ते शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. यवतमाळच्या बायका वर्षानुवर्षं मोर्चे काढत होत्या, आम्हालाही बंदी द्या. त्यांना बंदी मिळाली नाही. त्यांच्या जिल्ह्याच्या शहराला रस्ते मिळाले. मागितली भाकर, हातात दिला दगड, तोही डोकं खरवडलेला मैलाचा. (चंद्रपूरची बंदी 2021 च्या मे महिन्यात मंत्रिमंडळानं उठवली. सगळे सारखे झाले. समता आली.)

मी दारूबंदीचा कीर्तनकार नाही. चौदा तास गटारात, खाणीत, भट्टीपुढं राबलेल्या माणसाला फिल्टरच्या पाण्याचा ग्लास हातात धरून 'व्यसन सोड' सांगणाऱ्यांची मला चीड आहे. बंदीनं चोरटी दारू येते, पोलिसांचा हप्ता वाढतो, हेही मला दिसतं. माझं भांडण वेगळं आहे. बाईनं दुकान बंद करायचं म्हटलं तर हे राज्य तिच्याकडून काय मागतं आणि दुकानवाल्यानं दुकान चालू ठेवायचं म्हटलं तर त्याच्याकडून काय मागतं, त्याचा हिशेब मांडा.

गावातलं परवानाधारक दुकान बंद करायला कायदा आहे. 'आडवी बाटली' म्हणतात. 2008 च्या आदेशाप्रमाणं आधी गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या करायच्या. सह्यांची तपासणी होणार. मग मतदान. त्यात निम्म्याहून जास्त महिलांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला पाहिजे. निम्म्याहून जास्त म्हणजे मतदानाला आलेल्यांच्या नव्हे, यादीतल्या एकूण महिलांच्या! जी कापूस वेचायला आंध्रात, तेलंगणात गेली, ती दुकानाच्या बाजूची. जी बाळंत होऊन माहेरी आहे, ती दुकानाच्या बाजूची. जी मेली पण यादीतून नाव निघालं नाही, तीसुद्धा दुकानाच्या बाजूची. या मोजमापानं निवडणूक घेतली तर विधानसभेत किती बाकं भरतील? तीस-पस्तीस टक्क्यांत लोक आमदार होतात, मंत्री होतात, आणि बाईनं मात्र यादीतला अर्धा गाव ओढत मतपेटीपर्यंत आणायचा.

रस्त्याची जात बदलायला किती बायकांची मतं घेतली? किती सह्या तपासल्या? ज्या वॉर्डातून तो रस्ता जातो, तिथं एक सभा तरी लावली का?

निकाल पुढं कसा विरघळला, तेही सांगून टाकतो, कारण आमचं गाव त्यात कुठं बसतं हे कळलं पाहिजे. 31 मार्च 2017 ला, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, वीस हजार किंवा कमी वस्तीच्या ठिकाणी 500 चे 220 मीटर झाले. म्हणजे मुकुटबनसारख्या गावातल्या माणसाला दारूपासून 220 मीटरचं संरक्षण पुरतं! 11 जुलै 2017 ला चंदीगडच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं, पालिका हद्दीतल्या परवानाधारक दुकानांना ही बंदी लागू नाही. मग ज्या पालिकांच्या गळ्यात रस्ते बांधले, त्यांचं काय? दुकानं तशीही सुटलीच होती. रस्ते मात्र गळ्यात राहिले तिथं राहिले. पुढं 23 फेब्रुवारी 2018 ला ग्रामपंचायतींच्या हद्दीतलं काय ते राज्य सरकारनं बघावं, असं ठरलं. बोक्याला दुधावर बसवलं.

दारू बाजूला ठेवा. माझा खरा सवाल जबाबदारीचा आहे. 'स्थानिक स्वराज्य संस्थेकडे हस्तांतरण' हा शब्द ऐकायला किती गोड! सत्तेचं विकेंद्रीकरण! लोकांच्या हाती कारभार! शहाणी माणसं अग्रलेख लिहितात. 73 वी घटनादुरुस्ती 1993 पासून लागू आहे. तिच्या अकराव्या अनुसूचीत रस्ते, मोऱ्या, पूल लिहिलेले आहेतच. मग तू कशाला बोंबलतोस, पंचायत राज्य नको का तुला?

सांगतो. रस्त्याची 'स्थानिक जबाबदारी' म्हणजे काय, ते आपल्याइतकं या देशात कोणाला कळत नाही. पेशव्यांच्या पुण्यात आपल्या बापजाद्यांच्या कमरेला झाडू होता. आपलं पाऊल उमटलं की आपणच पुसायचं. याहून स्थानिक देखभाल कोणती असते? विकेंद्रीकरणाची कमाल! ज्याचा पाय, त्याचाच खर्च. गावोगाव महारानंच रस्ता झाडायचा, मेलेलं ढोर ओढायचं, आलेल्या साहेबाचं ओझं पुढच्या शिवेपर्यंत वाहायचं, वाट दाखवायची. रस्त्याची सगळी जबाबदारी आपली होती. चालायचा हक्क तेवढा नव्हता.

जबाबदारी खाली आणि हक्क वर, हा जुना करार आहे. आता फक्त शासन निर्णयाच्या कागदावर टाइप होतो.

महाडचं काय झालं, आठवा. 1923 च्या ऑगस्टमध्ये सी. के. बोल्यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला : सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. सरकारनं काय केलं? अंमलबजावणी स्थानिक संस्थांकडं ढकलली. महाड नगरपालिकेनं 1924 मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं. तळ्यावर जाऊन बघायचं धाडस 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी केलं. डोकी फुटली. आणि त्या स्थानिक स्वराज्य संस्थेनं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपला ठराव रद्द केला! उच्च न्यायालयातून तळं सुटायला 1937 उजाडलं. वर ठराव झाला, खाली जबाबदारी गेली, त्याहून खाली माणसं मार खात राहिली. तिकडं त्रावणकोरात वायकोमला 1924-25 मध्ये देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावं म्हणून लोक झगडले. नुसतं चालता यावं म्हणून! शेवटी तीन बाजू उघडल्या, पूर्वेची बंदच ठेवली.

म्हणून 1932 मध्ये ग्रामपंचायतीचं विधेयक आलं तेव्हा बाबासाहेब कायदेमंडळात आडवे उभे राहिले. आमच्या राखीव जागांशिवाय पंचायतीला अधिकार म्हणजे आम्हाला गावाच्या तोंडी देणं, हा त्यांचा मुद्दा होता. 4 नोव्हेंबर 1948 ला घटनेचा मसुदा मांडताना तर खेड्याचं गोडवे गाणाऱ्यांची त्यांनी सालटीच काढली आणि घटनेचं एकक गाव नसून माणूस आहे, हे समाधानानं सांगितलं. पुढं बराच काळ गेला. राखीव जागा आल्या, आपली माणसं, आपल्या बाया सरपंच झाल्या. चांगलं झालं. मी त्या खुर्चीच्या विरोधात नाही. ती खुर्ची ज्या वर्षी आपल्याकडं येते, त्या वर्षी तिच्यावर काय काय आणून टाकतात, ते मी बघतोय. जुनं वीजबिल, गळकी टाकी, आणि आता खड्ड्यांचा मोठा रस्ता. वरून गाव म्हणायला मोकळं : "यांच्या हातात दिलं, बघा काय झालं ते."

आता पैशाचं बोलू. रस्ता का फुटतो? पावसानं फुटतो, निकृष्ट खडी-डांबरानं फुटतो, ठेकेदारानं खाल्ल्यानं फुटतो, हे तुम्हाला माहीत आहे. पण सगळ्यात जास्त फुटतो वजनानं. 1958 ते 60 मध्ये अमेरिकेत इलिनॉय राज्यात रस्ते मुद्दाम बांधून त्यांवरून ट्रक चालवले आणि मोजणी केली. निघालं असं की आसावरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, साधारण सोळा पट होतं. चौथ्या घातानं वाढतं. आमच्या मावसभावाच्या सायकलीनं रस्ता हजार वर्षांत फुटणार नाही.

जुलै 2018 मध्ये दिल्लीनं ट्रकांची कायदेशीर वजनमर्यादा वाढवली. चार चाकांच्या एका आसाला 10.2 टनांची परवानगी होती, ती 11.5 टन झाली. ऐकायला सव्वा टन. त्या चौथ्या घाताच्या हिशेबानं नुकसान जवळपास दीड पटीच्या वर जातं. हे कायदेशीर ओझं झालं. बेकायदेशीर किती, ते रात्री वणीकडच्या कुठल्याही रस्त्याला उभं राहून मोजा. तो कोळशाचा मुलूख आहे. ट्रक कोणाचे, मला विचारू नका. धुळीत पाट्या वाचता येत नाहीत.

म्हणजे बघा. वजन वाढवायचं दिल्लीनं. डिझेलवरचा कर दिल्ली आणि मुंबईनं वाटून घ्यायचा. गाडीचा कर मुंबईनं घ्यायचा. दारूचा करही मुंबईनंच. खनिजाचं स्वामित्वधन राज्याला. खाणींनी बाधित झालेल्यांसाठी म्हणून 2015 च्या कायदेबदलानं जिल्हा खनिज प्रतिष्ठान निघालं, तेही जिल्ह्याच्या ठिकाणी बसतं. ट्रक अडवून वजन करायचा अधिकार परिवहन खात्याला आणि पोलिसांना. नगरपालिकेला ट्रक अडवता येत नाही, तोलता येत नाही, दंड करता येत नाही. दुकानाचा परवाना उत्पादन शुल्क खात्याचा. मग स्थानिक संस्थेच्या हातात नेमकं आलं काय? खड्डा. आणि खड्ड्यात पडलेल्याचा अर्ज.

याला हस्तांतरण म्हणतात? आमच्या भाषेत याला मढं दुसऱ्याच्या दारात टाकणं म्हणतात.

अमेरिकेचे दाखले देणारे साहेब लोक आहेत, त्यांच्यासाठी एक दाखला. तिकडं आयोवा राज्यानं 2003 मध्ये शेकडो मैल राज्यरस्ते काउंट्यांना आणि शहरांना देऊन टाकले. काउंटी म्हणजे आपला जिल्हाच समजा. पण रस्त्यांबरोबर रस्त्यांच्या कराच्या पैशातला वाटा बाजूला काढून देण्याचा कायदाही केला. खुशीनं की नाखुशीनं ते जाऊ द्या, मुलगी दिली तर निदान लुगडं-चोळी तरी दिली. आपल्याकडं नेसत्या वस्त्रानिशी घराबाहेर काढली.

खरंच सत्ता खाली द्यायची असती, तर देण्यासारखी वस्तू यांच्याकडं होती. यवतमाळ जिल्ह्याचा काही भाग पाचव्या अनुसूचीत येतो. 1996 च्या पेसा कायद्यात अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला, पंचायतीला दारूबंदी करण्याचा किंवा विक्रीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार असावा, असं स्वच्छ लिहिलंय. महाराष्ट्राला त्याचे नियम करायला 2014 उजाडलं. अठरा वर्षं! कोलामाच्या पोडावरच्या बाईला दारूवरचा अधिकार द्यायला अठरा वर्षं लागतात, आणि पालिकेला दारूसाठी रस्ता द्यायला एक हंगाम. दोन्ही कागद एकाच मंत्रालयातून निघाले. मी आकडेवारी तोंडावर फेकत नाही, या दोन तारखा फेकतोय. झेला.

आणि आता आपल्या घरातलं. दोस्तांनो, चिडू नका. आपल्यातले काही जण चळवळीतून पालिकांत गेले. निळा रुमाल गळ्यात आहे, खिशात ठेकेदारीचा परवाना आहे. शहरातला राज्य महामार्ग पालिकेकडं आला की कामं निघणार, टेंडरं निघणार, टक्के निघणार, हे त्यांना आपल्याआधी कळलं. सभागृहात ठराव आला तेव्हा यांचे हात वर होते की खाली? मला ते जाणून घ्यायचंय. 1972 च्या दुष्काळात याच मराठवाड्या-विदर्भात आपल्या आयांनी खडी फोडून रस्ते केले. त्यातून पुढं रोजगार हमीचा कायदा आला. मुठीएवढा दगड फोडून बोराएवढा करायचा, पोराला झाडाला टांगलेल्या लुगड्यात झोपवायचं. त्या बायांच्या पोटी जन्मलेला नगरसेवक रस्त्याच्या कागदावर सही करताना एवढंसुद्धा विचारत नाही, की याच्याबरोबर किती रुपये येतात?

तर काम असं आहे. तुम्ही शहरात राहता. तुमच्या पालिकेत जा. माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपयांचा स्टँप लागतो. चारच गोष्टी मागा. 2017 पासून सरकारनं कोणकोणते राज्य महामार्ग आणि त्यांचे तुकडे पालिकेला दिले. ते ताब्यात घेण्याचा ठराव कोणत्या तारखेला झाला आणि कोणी कोणी हात वर केला. दर वर्षी देखभालीला सरकारकडून किती पैसा आला. त्या रस्त्याच्या 500 मीटरमध्ये दारूचे किती परवाने 31 मार्च 2017 ला होते आणि आज किती आहेत. हा शेवटचा प्रश्न पालिका उत्पादन शुल्ककडं ढकलेल. ढकलू द्या. ढकलल्याचा कागद जपून ठेवा, तोही छापू. जळगाव, लातूर, यवतमाळच्या पोरांनी आधी लागावं. नागपूर, औरंगाबाद, सोलापूरवाल्यांनी आपल्याकडं असं झालंच नाही असं धरून बसू नये, विचारून बघावं.

आणि जिथं रस्ता खरंच पालिकेचा नाहीतर ग्रामपंचायतीचा झालाय, तिथं दर किलोमीटरला दगडावर लिहायला लावा : हा रस्ता कोणाचा, खड्डा बुजवायचा कोणी, पडलात तर अर्ज कोणाकडं. अक्षरं दोन फुटांवरून वाचता आली पाहिजेत, कारण पडलेला माणूस तिथूनच वाचणार. लिहिलं नाही तर रंगाचा डबा आपल्याकडंही असतो.

मी आईला फोन लावला. सांगितलं, बाई, रस्ता राज्याचा होता, मग गावाचा झाला म्हणतात, कागदाचं नक्की नाही. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हंजे कोनाचाच नाही म्हन ना."

मुकुटबनला आमच्या घरापुढूनही ट्रक जातात. धूळ थेट चुलीपर्यंत येते. आई रोज सकाळी उठून दारापुढच्या रस्त्यावर दोन बादल्या पाणी मारते, उन्हाळ्यात संध्याकाळी आणखी दोन. पाणी हापशीचं, अडीचशे पावलं लांबून. साठी उलटलेली बाई. मी म्हटलं, कशाला करतेस, आपला आहे का तो रस्ता?

म्हणाली, "नाही त कोन करन?"

अर्जांची उत्तरं आली की या अंकाच्या पत्त्यावर पाठवा.